भरवशाची टाकी

लढाई संपली त्या साली मोटारी रंगवायच्या फवाऱ्यासाठी कॉम्प्रेसर घ्यायला मी बायको सारजासह सारोळ्याच्या भंगारवाल्याकडं गेलो. दोन होते. मला मोठ्या टाकीचा भावला.

"डोळं झाकून न्या, हैबतराव!" भंगारवाला म्हणाला.

सारजानं मडकं वाजवून बघावं तशी टाकी वाजवली. आवाज बद्द आला.

"आधी हवा भरून दावा!" मी खेकसलो.

त्यानं इंजिन सुरू केलं. हवेच्या दाबाचा काटा चढत गेला, तशी टाकी करकरू लागली. मी चिडून वळलो, तर भंगारवाला भिंतीआड उभा!

मी झेप घेऊन इंजिन बंद केलं.

सारजा त्याला शांतपणे म्हणाली, "ह्यो नगं. ज्याच्याजवळ तुमी सोता उभं ऱ्हाल, त्यो द्या."