धम्मपालचा कान

"धम्मपाल, खाली बस," केसरीनाथ उस्ताद ओरडले. बाकीचे शिकाऊ पटकन बसले. धम्मपाल मात्र कॉलमच्या पायथ्याशी बोल्ट निवडत उभाच होता. क्रेनला टांगलेला बीम वाऱ्याने फिरला होता. उस्तादांनी धावत जाऊन त्याला कमरपट्ट्याला धरून मागे खेचलं, आणि बीमचं टोक तो उभा होता त्या जागेवरून सरकत गेलं.

"ऐकू येत न्हाय काय तुला?"

"लक्ष नव्हतं, उस्ताद," धम्मपाल कपडे झटकत म्हणाला.

उमेदीची सगळी वर्षं त्याने भिवंडीत कापडाचे लूम चालवले होते. कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले. युनियनने लोखंडकामाची उमेदवारी सुरू केली होती; शिकता शिकता पगार मिळायचा. जवळच दापोड्याला गोदामांचे सांगाडे उभे राहतच होते. धम्मपालने नाव घातलं. शिकाऊंमध्ये तोच वयाने मोठा. कॉलम चढून आल्यावर पोटऱ्या थरथरायच्या. घरी बायको, सुकन्या, तेल चोळताना विचारायची, "झेपंल ना तुमाला?" हळूहळू तो बीमवर मांड ठोकून बसायला लागला. पान्याची निमुळती शेपटी घालून भोकाला भोक जुळवण्यात तर त्याचा हात असा बसला, की उस्ताद इतरांना त्याच्याकडे बघायला सांगायचे.

पण लूमच्या खडखडाटाने त्याचा डावा कान गेला होता आणि उजवा अर्धाच उरला होता. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तो उस्तादांपाशी गेला. "उस्ताद, लक्ष होतं. कान न्हाय."

उस्तादांनी हातातला घास खाली ठेवला. "आधी का न्हाय बोललास?"

"बोललो असतो तर घेतलं असतं?"

"न्हाय घेतलं असतं." उस्तादांनी आडपडदा ठेवला नाही. "पन आज काय झालं असतं तर तुझ्या घरी सांगाया मलाच जावं लागलं असतं. उद्यापासून वर चढायचं न्हाय."

तो काम सोडून जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो मात्र रोज सर्वांच्या आधी येऊन जमिनीवरचं काम करत राहिला. बोल्टांना ग्रीस लावायचं, दोर गुंडाळायचे, वर जाणारा माल बांधून द्यायचा. वर चाललेलं काम मान मोडेस्तोवर बघायचा.

एके दुपारी जनरेटर धडधडत होता. विशाल नावाचा जोडीदार शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. हाका मारण्यात अर्थ नव्हता, म्हणून धम्मपालने दोन बोटं आखडून, मनगट फिरवून त्याला आखूड बोल्ट आणायला सांगितलं. विशालला काही कळेना. उस्ताद मात्र बघत होते.

"ह्ये काय रे?"

"लूमवर असंच बोलायचो. तिथं कोनाला ऐकू येतंय? तार तुटली, कांडी संपली, सेठ आला, समदं हातानंच." 'सेठ आला'ची खूण पाहून उस्तादांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ते त्याला घेऊन युनियनच्या कचेरीत गेले. त्याला वर चढू द्यायला तिथले लोक लगेच तयार झाले नाहीत. डॉक्टरी तपासणी झाली, कानाला मशीन आलं, आणि अट पडली, की वर सगळे इशारे हातानेच व्हायला हवेत आणि एक माणूस सतत त्याच्या नजरेसमोर राहायला हवा.

"मी राहतो," विशाल म्हणाला.

क्रेनच्या खुणा, मूठ म्हणजे थांब, तर्जनी खाली म्हणजे उतरव, धम्मपालने भराभर उचलल्या. टोळीतल्या सगळ्यांनाच त्यांची सवय झाली, आणि साइटवरची आरडाओरड थांबली.

उमेदवारी संपत आली तेव्हा छताच्या टोकाचा बीम चढवायचा होता. उस्तादांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी धम्मपालचा पट्टा ओढून बघितला आणि म्हणाले, "जा. क्रेनला इशारा आज तूच दे."

तो वर गेला. समोरच्या कॉलमवर विशाल होता. पलीकडे वज्रेश्वरीकडचे डोंगर दिसत होते. खाली क्रेनवर चिंधू बसला होता, त्याच्या हातून कितीतरी शेड उभ्या राहिलेल्या. बीम वर आला आणि अचानक वाऱ्याने डोलायला लागला. विशालने तो धरायला हात पुढे केला.

धम्मपालने मूठ वर उचलली.

चिंधूने क्रेन थांबवली. विशालने हात मागे घेतला. खाली दोर धरलेली माणसं जागच्या जागी उभी राहिली, आणि त्यांच्यात उस्तादही मान वर करून त्या मुठीकडे बघत होते. वारा पडेपर्यंत कुणी हललं नाही.

मग धम्मपालने मूठ सोडली आणि तर्जनी अलगद खाली वळवली.