शेवंतीबाईंचे काळे टाक

डोंबिवलीत एमआयडीसीला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत दिवेलागणीला भूत यायचं. आधी कुजक्या अंड्यांचा वास, मग खोकला, आणि आठवड्याभरात देव्हाऱ्यातले चांदीचे टाक काळे. घासून ठेवा, पुन्हा काळे. शेवंतीबाईंचा खंडोबा तर घोड्यासकट अंधारात गेला होता.

मग भस्मेबुवा अवतरले. गच्चीवर अख्खी सोसायटी लोटली. बुवांनी चांदीचं नाणं उंच धरलं.

"जागेवाला खवळलाय! हे मंतरलेलं नाणं खिडकीत टांगा, काळं पडणार नाही. संध्याकाळी खिडक्या सताड उघडा, त्याला वाट द्या. आणि पोरीचा दम्याचा पंप बंद. मंत्राचं आणि पंपाचं पटत नाही."

नाणं खरंच लखलखीत राहिलं. शेवंतीबाईंची दम्याची नात प्राप्ती मात्र उघड्या खिडकीशी बसून शिट्टीसारखा श्वास घेऊ लागली. जिन्यात ती शिट्टी ऐकू आली की जागेवालाच समजून आम्ही हात जोडायचो. मीसुद्धा.

तिसऱ्या मजल्यावरच्या विज्ञानशिक्षिका चित्राबाईंच्या खिडकीतही चांदीची एक पट्टी होती. सहा देशांतले संशोधक हवा तपासायला अशा पट्ट्या गावोगाव टांगतात आणि काळेपणा एकाच मापाने मोजतात. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले.

"बुवा, ही पोलंडची पट्टी, ही चिलीची. डाग आपल्यासारखाच. जागेवाला तिकडे कधी गेला?"

"आत्म्याला व्हिसा लागत नाही, बाई."

"वायूलाही लागत नाही."

चित्राबाईंनी नेलपॉलिश काढायच्या औषधाने शेवंतीबाईंच्या खिडकीतल्या नाण्याची एकच बाजू पुसली आणि ते परत टांगलं.

"आठ दिवसांनी बघू," शेवंतीबाई पुटपुटल्या.

"नाणं थांबेल हो, पोरगी नाही थांबायची. पंप कुठाय?"

शेवंतीबाईंनी बुवांकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि खिडकी लावून पंप काढला.

आठव्या दिवशी नाण्याची पुसलेली बाजू काळी झाली होती. दुसरी चकाकत होती, कारण तिच्यावर अजून पारदर्शक नेलपॉलिश होतं. हवेतला गंधकाचा वायू चांदीला काळं करतो. पॉलिश त्याला चांदीपर्यंत पोहोचू देत नाही. मंत्र एवढाच. नाणं निम्मं काळं झालं, बुवा पूर्ण गायब.

वास अजून येतो. दिवेलागणीला अजून अंगावर काटा येतो. पण भूत म्हटलं की आपण हात जोडतो, आणि वायू म्हटला की तो सोडतो कोण, हे विचारावं लागतं. विचारा. आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. तपासणीची तारीख मिळाली, तेव्हा मी टाक घासायला चिंच नेऊन दिली. शेवंतीबाईंनी ती परत केली.

"राहू देत काळे. साहेब आले की खंडोबाच साक्ष देईल."