उजवा बर्नर

काकूंनी डावीकडची साखर शोधली. आधी मान वळवली, मग डोळे, मग हात. शिकवलं होतं अगदी तसंच.

थेरपिस्ट भिंतीला टेकून बघत होती. परीक्षेत तिनं सुचवायचं नसतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर काकूंच्या मेंदूनं डावी बाजूच टाकून दिली होती. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहायचं, डावी बाही लोंबत राहायची. आज दवाखान्यातल्या या सरावाच्या स्वयंपाकघरात एकटीनं चहा केला, की सोमवारी घरी.

नाही केला, तर मुक्काम इथेच.

"झकास!" दारातून काकूंचा नवरा म्हणाला. "या राणीसरकार, घ्या ताबा. खरकटी भांडीसुद्धा ठेवलीत तुमच्यासाठी."

"काका, परीक्षा चालू आहे."

"अहो, गंमत! हिला सवय आहे माझ्या गमतीची. काय गं?"

काकूंनी लगेच मान हलवली. चहा गाळला. डावा कप, उजवा कप. थेंब सांडला नाही.

मग भांडं ठेवलं, शेगडीलगत फडकं ठेवलं, आणि उजवा बर्नर जळता सोडून त्या खुर्चीत जाऊन बसल्या.

अहवालातलं वाक्य थेरपिस्टनं मनात पुन्हा जुळवून पाहिलं.

घरी पाठवायला हरकत नाही.

घरी पाठवायला हरकत

फडक्याची कड काळी पडायला लागली.

"गॅस! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नवरा आता हसत नव्हता.

थेरपिस्टनं पुढे होऊन गॅस बंद केला.

"बघा ना," काकू तिला म्हणाल्या. "विसरले. नापास करा मला."

"पुन्हा एकदा करून बघू, काकू."

"नाही जमत म्हटलं ना! कितीदा करून घ्याल? नाही जमणार!" त्यांचा आवाज फाटला. उजव्या हातानं त्यांनी थेरपिस्टचं मनगट धरलं. घट्ट.

इतक्या दिवसांतली काकूंची प्रत्येक चूक तिला आठवत होती. सगळ्या डावीकडच्या.

"काका, बाहेर थांबा."

"मी नवरा आहे तिचा."

थेरपिस्टनं दार लावून घेतलं.

"जे दिसलं तेच मला अहवालात लिहावं लागेल, काकू."

"काय दिसलं तुम्हाला?"

दाराखालच्या फटीत काकांच्या दोन चपला हलत नव्हत्या. थेरपिस्टनं बेसिनचा नळ पूर्ण सोडला. स्टीलवर पाणी धडाधड आपटू लागलं. खुर्ची ओढून ती काकूंच्या तोंडाशी कान नेऊन बसली.

"आता बोला."