बद्रीनाथला गेलेले ब्याण्णव किलो

सकाळी नऊलाच इतवारीतलं मंगल कार्यालय भरलं होतं. चपलांचा ढीग पार रस्त्यावर आलेला, त्यावरून हातगाडीवाल्यांची भांडणं. आत मंचावर पिवळा पडदा, शेजारी भिंतीएवढा टीव्ही. दर सभेत वेगनाथ महाराज पडद्याआड बसायचे, शंख वाजायचा, आणि महाराज प्रकाशाच्या वेगानं बद्रीनाथला पोचून टीव्हीवर दिसायचे, बर्फात उभे. दोन मिनिटांत पडदा उघडला की महाराज जागेवर, एका मुठीत बर्फ, दुसरीत मुळी. बाया रडायच्या आणि चांगले शिकलेले बाप्ये लोळण घ्यायचे.

ती मुळी माझी धाकटी जाऊ गोपिका खात होती. तिला बारा वर्षांपासून शुगर. महाराज म्हणाले, सुई टोचलेल्या देहात हिमालयाची मुळी काम करत नाही. तिनं इन्सुलिन सोडलं. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, तो कापावा लागला. जखम भरेना. डॉक्टरांनी बजावलं, आता इंजेक्शन घेतलं नाही तर पाय जाईल. तरी गोपिकेचं एकच, माझीच श्रद्धा कमी पडली. माझ्या घरातल्या बाईचा अंगठा ज्यानं खाल्ला, त्याला मी सोडणार नव्हते.

माझी नात रितिका कॉलेजात विज्ञान शिकवते. तिला विचारलं, माणूस प्रकाशाइतका पळू शकतो का? ती म्हणाली, ज्याला म्हणून वजन आहे, ते काहीच तेवढं पळू शकत नाही. पोत्यांची हातगाडी जास्त ढकलली की जास्त पळते. पण प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की जोर लागत राहतो ढीगभर आणि वेग वाढतो चिमूटभर. शेवटची चिमूट भरायला अख्ख्या जगाचा जोर लावला तरी पुरत नाही. शास्त्रज्ञ मोठमोठ्या यंत्रांत डोळ्याला न दिसणारे कण पळवतात. तेही अगदी जवळ पोचतात, बरोबरी मात्र करू शकत नाहीत. प्रकाशाला स्वतःचं वजनच नाही, म्हणून त्याला ते जमतं.

"मंग आधी त्याले वजन आहे का, हे लोकायले दाखवा लागन," मी म्हणाले.

आमची कळमन्याच्या बाजारात गुळाची आडत, घाऊक विक्रीची. आमच्यात मोठ्या माणसाचा मान गूळतुलेनं करतात, त्याच्या वजनाइतका गूळ वाटतात. मी महाराजांपुढं जाऊन हात जोडले, तुमची गूळतुला करू द्या म्हणाले. ते फुलले. "माताजी, हम तो भारहीन हैं," म्हणाले, आणि लगेच विचारलं, गूळ सेंद्रिय आहे ना?

त्या सकाळी आमच्या हमालांनी आडतीवरचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा मंचावर महाराजांच्या बसायच्या जागी मांडला, वर गादी टाकली. आकड्याची पेटी लांब वायरीवर, पडद्याच्या बाहेर, लोकांकडं तोंड करून. भारहीन महाराज बसले. ब्याण्णव किलो. टाळ्या पडल्या. त्याला वाटलं, गूळतुला झाली, काट्याचं काम संपलं. "तीन लाख किलोमीटर, एक सेकंद में! भक्त पलक झपके, और हम बद्रीनाथ!" पडदा ओढला, शंख वाजला, टीव्हीवर बर्फ पडू लागला.

मी उठून उभी राहिले. गोपिका पहिल्या रांगेत, पायाला पट्टी.

"गोपिके, महाराज कुठी आहे वं?"

"बद्रीनाथले. दिसून तं राहिले."

"काट्यावर काय आहे, वाच."

ती वाचायला लागली आणि थांबली. "ब्याण्णव, बाई."

"मंग हे ब्याण्णव किलो कोणाचे?"

तेवढ्यात आकडा नाचायला लागला. एक्क्याऐंशी, सत्तर, पुन्हा पंच्याऐंशी. मी मंचावर चढून पडदा बाजूला सारला. महाराज काट्यावरून बाजूला वाकलेले, हात थर्माकोलच्या डब्यात कोपरापर्यंत. डब्यात ठेल्यावरचा बर्फ, मुळ्यांच्या पिशवीवर मागच्या गल्लीतल्या दुकानाचा शिक्का. आणि टीव्हीवर हाच माणूस अजून बर्फात आशीर्वाद देत होता, आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ.

"माताजी, देह यहीं था, प्राण गया था."

"प्राण गेला होता, मंग बर्फ काढाले हात काहून घातला डब्यात?" मी विचारलं. मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच.

मी त्याला काट्यावरून उतरू दिलं नाही. आमचे हमाल चारी बाजूंनी उभे राहिले, माझ्याबरोबर आलेल्या रितिकेनं पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत काल पाया पडलेले लोक रांगेनं पुढं येऊन आकडा वाचून गेले. तो रडला. मला दया आली नाही, आजही येत नाही. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार मीच दिली, सही माझी आहे.

गोपिका जागची हलली नव्हती. "बाई, एवढ्या साध्या गोष्टीपायी माहा अंगठा गेला काय वं?"

रितिकेनं तिला हात दिला आणि आम्ही तिघी तिथून सरळ दवाखान्यात गेलो. त्याच दुपारी गोपिकेनं इन्सुलिन घेतलं. पाय वाचला.

बायांनो, बाप्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी मोजून पाहा. मोजू देत नसेल, तर तिथून उठा. आणि कोण्याही महाराजाच्या सांगण्यावरून डॉक्टरचं औषध सोडू नका. कापलेला अंगठा परत उगवत नाही.