एकही शब्द न कापता

पुण्यात असताना सुलभा टिळेकर यांनी नळाच्या पाण्याबद्दल वर्तमानपत्राला दीड पानी पत्र पाठवलं होतं. संपादकांनी त्याच्या चार ओळी केल्या. अमेरिकेतल्या श्रूजबरीत चाळीस वर्षं काढूनही सुलभाकाकू हे विसरल्या नव्हत्या. राग लोणच्यासारखा कसा मुरवावा, ते त्यांच्याकडून शिकावं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या शेवटच्या घटका मोजणाऱ्या इंग्रजी साप्ताहिकाला दर सोमवारी तक्रार धाडायला सुरुवात केली. कचऱ्याची गाडी, लायब्ररीतला गारठा, शेजाऱ्यांची नाताळची रोषणाई मार्चपर्यंत का लोंबते. म्हाताऱ्या वॉल्टर संपादकांकडे छापायला दुसरं काही नसायचंच. गाव चिडलं, चिडून उत्तरं लिहू लागलं, आणि आपलं उत्तर आलंय का ते बघायला अंक विकत घेऊ लागलं. दोन वर्षांत खप तिप्पट झाला. वॉल्टर फ्लोरिडाला कायमचे निघाले, तेव्हा खुर्ची काकूंकडेच आली. पहिल्याच अंकात त्यांनी वचन दिलं: आलेलं प्रत्येक पत्र छापू, एकही शब्द न कापता.

तिसऱ्या महिन्यात चार पानी पत्र आलं. खाली नाव अनिल टिळेकर, म्हणजे साक्षात यजमान. संपादक घरी असून नसल्यासारख्या असतात, चहाचं विचारावं तर डेडलाइन असते, गेल्या गुरुवारी मी रात्री दूध-कॉर्नफ्लेक्स खाऊन झोपलो, वगैरे.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. छापावं तर गावभर शोभा. कापावं तर पुण्याच्या त्या संपादकात आणि आपल्यात फरक काय?

"अहो, हे मला तोंडानं सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, बिझी आहे, ईमेल करा."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. काकूंनी चारही पानं छापली.

पुढच्या आठवड्यात त्रेसष्ट उत्तरं आली. साठ जणांनी अनिलरावांना स्वतः करून खायला सांगितलं होतं. उरलेल्या तिघांनी पास्त्याची कृती पाठवली होती. वचन ते वचन, काकूंनी सगळी छापायला घेतली. प्रुफं तपासायला फुकटात मिळणारा माणूस घरात एकच होता.

अनिलरावांनी लाल पेन घेतलं, उठून दोन कप चहा टाकला आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट पत्रं तपासली, एकही शब्द न कापता.