समितीने राखलेला उतार

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पश्चिम भागात, मैलोन्‌मैल पसरलेल्या मक्याच्या शेतांत लूथरन पंथाचं एक छोटं चर्च आहे. एका वसंतात तिथल्या मंडळींना साक्षात्कार झाला की पृथ्वी देवाची आहे. तोवर ती कुणाची वाटत होती, ते त्यांनाच ठाऊक. साक्षात्कारापाठोपाठ 'सृष्टी-संगोपन समिती' नेमली गेली. अध्यक्ष लोवेल ब्रेक्के. चाळीस वर्षं गावाचे दात उपटून तो निवृत्त झाला होता, त्यामुळे हात शिवशिवत असायचे.

चर्चमागच्या दफनभूमीची देखभाल चौऱ्याहत्तर वर्षांची आर्डिस क्वामे करायची, म्हणून तिलाही समितीत घेतलं. थडग्यांभोवतीचं गवत ती नेमाने कापायची, पण खालच्या उताराला हात लावायची नाही. तिच्याआधी हे काम बघणाऱ्या सासऱ्यांनीही कधी लावला नव्हता. तिथे कमरेएवढं गवत माजायचं, उन्हाळ्यात जांभळी-पिवळी फुलं यायची, आणि आर्डिस काठावर बसून डबा खायची. रविवारच्या प्रवचनात तिला हमखास डुलकी लागे. इथे मात्र ती टक्क जागी असे. हे तिने पाद्रीबाईंना कधी सांगितलं नाही, उगाच कशाला वाईट वाटून घेतील.

पहिल्याच बैठकीत, थर्मोकोलच्या कपांतून कॉफी पीत, समितीने ठरवलं की उतारावर 'प्रार्थना उद्यान' करायचं. मधोमध कारंजं, परराज्यातून ट्रकने आणलेले दगड, बाकांवर सृष्टीविषयीची बायबलातली वचनं. उद्घाटनाला विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर पेट्राकबाई.

आर्डिस म्हणाली, उतार आहे तसाच बरा आहे.

"अगं, तण आहे ते," लोवेलने समजूत घातली. "देवाने माणसाला बागेची राखण करायला ठेवलंय, रानाची नाही."

"मग रानाची राखण कोण करतो?"

"कुणीच नाही. म्हणून तर त्याची ही अवस्था आहे."

मतं घेतली. सहा विरुद्ध एक. आर्डिसच्या हरकतीची इतिवृत्तात 'प्रेमपूर्वक' नोंद झाली. मेअखेरीस तणनाशकाची टाकी आली, आणि फवारणाऱ्या माणसासाठी पाद्रीबाईंनी छोटीशी प्रार्थनाही केली. आठ दिवसांत उतार पिवळा पडला. आर्डिस गाडीत बसून, काचा वर करून, डबा खाऊ लागली.

उद्घाटनाच्या दिवशी पेट्राकबाई तासभर आधीच आल्या आणि दारातच विचारू लागल्या, तो उतार कुठाय? सगळ्या तालुक्यात नांगर न लागलेली तेवढीच जमीन उरली होती. ती पाहायला मिळेल म्हणूनच त्यांनी आमंत्रण स्वीकारलं होतं. लोवेलने त्यांना कारंजं दाखवलं.

भाषणाचा कागद त्यांनी उघडलाच नाही. "हे गवत तुमच्या पणजोबांच्या आधीपासून इथे होतं," त्या म्हणाल्या. "त्याला तुमची काहीच मदत नको होती." आणि खाली बसल्या.

मग अंतर्मुख करणाऱ्या भाषणाबद्दल लोवेलने आभार मानले, टाळ्या पडल्या आणि लिंबाच्या वड्या फिरल्या. समितीने तिथेच तातडीची बैठक घेऊन एकमताने ठरवलं की गेलेल्या गवताच्या स्मरणार्थ पितळी पाटी लावायची. एकमत झालं, कारण आर्डिस जागेवर नव्हती.

ती पेट्राकबाईंना दफनभूमीच्या मागल्या कोपऱ्यात घेऊन गेली होती. घटसर्पाच्या साथीत गेलेली गावातली सात मुलं तिथे पुरली होती. भोवती लोखंडी कठडा होता, त्याच्या आतलं गवत आर्डिसही कधी कापायची नाही, आणि फवारणाऱ्याचा पाइप तिथवर पोचला नव्हता. आत चार-पाच खाटांएवढ्या जागेत ते गवत उभं होतं, त्यात फुलंही होती. पेट्राकबाई गुडघे टेकून बसल्या आणि एकेक काडी हातात घेऊन पुटपुटत नावं घेऊ लागल्या. लांबून कुणी पाहिलं असतं, तर जप चाललाय असंच वाटलं असतं.

जरा वेळाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, हे समितीला सांगायला हवं, म्हणजे त्याचं रक्षण होईल.

आर्डिसने त्यांचा हात धरला.

"नको हो बाई," ती म्हणाली. "कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून तर वाचलंय ते."