फुटली की फोडली

बाळच्या मुलीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. जुळी ज्या सकाळी झाली त्याच सकाळी आक्काची होडी फुटली. निदान घरातले सगळे तसं म्हणत होते. आक्का म्हणत होती, फुटली नाही, फोडली. एवढ्या एका शब्दावरून त्या घरात जी आग लागली ती त्या वर्षी काही विझली नाही.

बाळ म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ. साठी उलटली, डोक्याचं मैदान झालं, आता आजोबाही झाला, तरी बाळच. आईने ठेवलेलं नाव. आई नव्वदीला टेकलेली. तिला ऐकू कमी यायचं, पण बाळची बाजू घ्यायची वेळ आली की कान एकदम स्वच्छ व्हायचे.

आक्काने लग्न केलं नाही. तिचा धंदा शिडं शिवायचा. दुसऱ्यांच्या होड्यांची शिडं शिवता शिवता तिने एक जुनी फायबरची होडी स्वतःसाठी घेतली. लहानशी, एका शिडाची, दोघं बसली की भरली. घर आईचं, अंगण बाळच्या व्हॅनचं, आणि अंगणाच्या कोपऱ्यात दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली ती होडी तेवढी आक्काची. तिच्यात बसून पाण्यावर गेलं की मागून कोणी हाक मारत नसे.

त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला. बाळने उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घातली, व्हॅनमध्ये बसला आणि मागे न बघता गाडी मागे घेतली. ट्रेलर ओढायचा लोखंडी हूक होडीच्या कुशीत शिरला. आक्का शिडं पोचवायला परगावी गेलेली. ती परत येईपर्यंत बाळने त्यावर उपाय करून ठेवला होता. गाडीला लावायची पुट्टी भोकात थापली, घासली, वर पांढरा फवारा मारला.

होडी जुनी. तिचा पांढरा रंग कधीच पिवळट पडलेला. त्यात ते ठिगळ नव्या कवळीसारखं चमकत होतं.

आक्काने पिशवी खाली ठेवायच्या आधी ते पाहिलं. जवळ गेली. कात्रीच्या मुठीने होडीवर टकटक करत आली. सगळीकडे टण्‌ टण्‌ वाजलं, आणि ठिगळावर आल्यावर भद्द. तिने कात्रीचं टोक कडेला घालून जरा उचकटलं. पुट्टीची अख्खी थाळी सुटून पायाशी पडली. आत मूठ जाईल एवढं भोक. भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, आणि काचेचे फाटके धागे लोंबत होते.

"बाळ्या!"

बाळ चहाचा कप घेऊन दारात आला. चेहरा इतका साळसूद, की बघणाऱ्याला वाटावं हा शेजारचा.

"अगं हो, तुला सांगायचंच होतं. ती जरा फुटली."

"फुटली?"

"फुटली म्हणजे, जराशी."

"झोपेत कूस बदलली वाटतं तिने? की तुझी व्हॅन बघून हर्षाने फुटली?"

बाळची बायको मागून म्हणाली, "वन्सं, जुळी आलीत घरात. आनंदाच्या दिवशी तोंड कशाला कडू करता?"

"जुळी दवाखान्यात आलीत. हा हूक माझ्या होडीत आलाय. आणि वर हे ठिगळ! मी हिला अशीच पाण्यात घातली असती म्हणजे? पहिल्या लाटेला ही थाळी सुटली असती आणि मी तळाला. मग काय म्हणाला असतास, आक्का बुडली?"

आतून आईचा आवाज आला, "फुटायची वस्तू फुटते. त्याला कशाला बोलतेस? तो दोन रात्री झोपला नाहीये."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग त्या दिवशीची नव्हतीच. त्या घरात दोन भाषा होत्या. बाळचा शर्ट फाटायचा, आक्का फ्रॉक फाडायची. बाळच्या हातातून दूध सांडायचं, आक्का दूध सांडून ठेवायची. बाळची पाटी फुटायची, आक्का पाटी फोडायची. बाळच्या बाबतीत सगळं आपोआप व्हायचं आणि तो बाजूला नामानिराळा. आक्काच्या बाबतीत जे काही झालं ते तिनेच केलेलं असायचं. होडीचं नुकसान तिला भरून काढता येत होतं. तिला बाळकडून भरपाई नको होती, माफीसुद्धा नको होती. तिला त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता.

"मी फोडली असं म्हण," ती म्हणाली. "तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही."

बाळने कपातला चहा संपवला. "बरं बाई, नको बोलूस. पण फुटली ती फुटली."

आक्काने अबोला धरला तो धरलाच. पण होडी दुरुस्त करायला दोन माणसं लागतात. आणि एक जागा अशी होती जिथे आक्काचे हात आतून आणि बाहेरून एकाच वेळी पोचत नव्हते. बसायच्या फळीखाली हवेची बंद पेटी असते, होडी उलटली तरी बुडू नये म्हणून. भोक नेमकं त्या पेटीच्या अंगाला पडलेलं. पेटीला एक गोल झाकण, आणि त्यातून फक्त एक हात आत जातो. बाहेरून काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवताना आतून कोणीतरी फळी दाबून धरायला हवी, नाहीतर ओलं कापड आत लोंबतं. आक्काने आधी भावजयीला धरलं. काचेची धूळ कोपरापर्यंत चढल्यावर ती अंग खाजवत नळाकडे पळाली आणि परत आली नाही.

राहिला बाळ.

"त्याला सांगा," आक्का भावजयीला म्हणाली, "फोडणाऱ्याने हात द्यावा."

"तिला सांग," तिथेच तीन पावलांवर उभा असलेला बाळ म्हणाला, "फुटलेल्या होडीला हात द्यायला माझी ना नाही."

आधी आक्काने घासायची मशीन चालवली. भोक बुजवायचं तर आधी ते मोठं करावं लागतं. चिरलेलं सगळं काढून टाकायचं, आणि कडेला लांबवर पातळ उतार द्यायचा. म्हणजे नव्या कापडाला जुन्याची धड पकड मिळते. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, आणि पांढऱ्या धुळीचा लोट. बाळ दोन्ही हात हलवत धावत आला.

"अगं, अगं, मोठं करतेस! मुठीएवढं होतं, ताटाएवढं केलंस!"

आक्का मशीन बंद करून भावजयीकडे वळली. "सांगा त्याला, भोक एवढंच होतं. त्याने लहान करून दाखवलं होतं."

मग तिने जागा पुसली, सुकू दिली, काचेच्या कापडाच्या चकत्या कापल्या, मोठ्यापासून लहानापर्यंत. बाळ होडीत आडवा झाला, झाकणातून खांद्यापर्यंत हात घातला, आणि प्लास्टिक गुंडाळलेली पातळ फळी आतून भोकाला दाबून धरली. आता तो आक्काला दिसत नव्हता आणि आक्का त्याला दिसत नव्हती. मध्ये होडीची भिंत.

आक्काने वाटीत रेझिन ओतलं. ती त्याला राळच म्हणायची. त्यात हार्डनरचे मोजके थेंब घालायचे, म्हणजे राळ आवळते. कमी पडले तर चिकट राहते, जास्त पडले तर भडकते. आक्काने हे काम आयुष्यात कितीदा तरी केलेलं. पण त्याच क्षणी आतून बाळ शीळ घालायला लागला. खुशाल, लग्नाला निघाल्यासारखी. आक्काची बाटली वाकडी झाली.

वाटी हातात तापली. मग कडेने धूर निघाला, आणि फस्स करून राळ फुगून वर आली. आक्काने ती वाटी अंगणाच्या मातीत भिरकावली.

"काय जळतंय?" आतून आवाज.

"माझं डोकं!"

अबोला तिथे मोडला, पण त्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. आत बाळ खो खो हसत सुटला. "जन्मभर माझ्यावर राळ उडवत आलीस, आज खरोखरची उडवलीस!"

"फळी हलली तर हात आतच ठेवून झाकण लावीन."

दुसरी वाटी तिने थंड डोक्याने कालवली, म्हणजे त्यातल्या त्यात थंड. पहिली चकती लावली, ब्रशने राळ पाजली, रोलर फिरवून बुडबुडे काढले. मग दुसरी, मग तिसरी. कापडाचा पांढरा रंग जाऊन ते काचेसारखं आरपार दिसायला लागलं. आता राळ आवळेपर्यंत बाळला हलता येणार नव्हतं. आक्का घोड्याला टेकून उभी राहिली.

"आता कर काखा वर," ती म्हणाली. "बघू जमतंय का."

आतून शीळ थांबली.

"बोल, बाळ्या. फुटली की फोडली?"

"हाताला मुंग्या आल्यात गं."

"येऊ देत. फुटली की फोडली?"

होडीच्या भिंतीतून आवाज आला, बारीक, बंद डब्यात बोलल्यासारखा.

"आक्का, बाबांचा दाढीचा आरसा आठवतो?"

"न आठवायला काय झालं? पाठीवर वळ उठले होते माझ्या. मी हातसुद्धा लावला नव्हता त्याला."

"मी सांगितलं होतं आईला."

"काय सांगितलं होतंस?"

"मी फोडला म्हणून. आई म्हणाली, बघा माझं सोनं, बहिणीला वाचवायला खोटं बोलतंय. आणि तुला आणखी दोन दिल्या, मला खोटं बोलायला लावलंस म्हणून."

त्या दोन आक्काला आठवत होत्या. पहिल्या कशासाठी ते माहीत होतं. त्या दोन कशासाठी, ते तिला आज कळलं.

"मग परत कधी नाही सांगितलं," बाळ म्हणाला. "सांगितलं की तुलाच पडायच्या."

दुसऱ्या कोणाचा राग इथे निवला असता. आक्काचा दुप्पट झाला. तिने होडीवर थाप मारली, कोरड्या बाजूला.

"आणि हे जन्मभर पोटात ठेवलंस? तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, मानलं. मोठा झाल्यावर काय झालं होतं? माझी सायकल तुटली, माझं शिवणयंत्र बिघडलं, सगळं आपोआप? आई काय या वयात मला बडवणार होती, म्हणून पुट्टी लावलीस?"

"नाही."

"मग?"

"तेव्हा आईला भ्यायचो. आता तुला भितो."

"मला? मी काय खाते तुला?"

"आत्ता काय चाललंय दुसरं?"

आक्काने दात आवळले. हसू येत होतं आणि ते आल्याचा आणखी राग येत होता. "एकदा म्हण. कोणी ऐकत नाहीये. आई झोपलीय."

"राळ आवळली का?"

"म्हण!"

"आधी आवळली का सांग."

आक्काने नखाने टोचून पाहिलं. नख रुतलं नाही. राळ आवळली होती. खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं, पण कामाच्या बाबतीत तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"आवळली. काढ हात."

बाळने हात काढला. लाल, खाजरा, बोटं आखडलेली. आक्काकडे न बघता तो आत गेला, आणि तो शब्द त्याच्याबरोबर आत गेला.

पुढे आक्काने ते घासून गुळगुळीत केलं. वरचा थर द्यायच्या वेळी जुन्या पिवळट पांढऱ्याशी रंग जुळवायचा प्रयत्नच केला नाही. तांबडाभडक लावला, ताटाएवढा. भावजय म्हणाली, "वन्सं, लांबून दिसेल हो हे."

"दिसू दे. लोकांना विचारू दे."

होडी पाण्यात घालायच्या दिवशी बाळ न बोलावता धक्क्यावर आला. ट्रेलर त्यानेच ओढून आणला, आणि या वेळी गाडी मागे घेताना खिडकीतून मान इतकी बाहेर काढली की बघणारे हसले. दोरखंड विकणारा दुकानातून उठून आला आणि तांबड्या गोलाकडे बोट दाखवून म्हणाला, "आक्का, हे काय? कुंकू लावलंत होडीला?"

आक्का दोर सोडवत राहिली.

"फोडली," बाळ म्हणाला. मग घसा खाकरून, जरा मोठ्याने, "मी फोडली. गाडी मागे घेताना." आणि दोरखंडवाला तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाला, "पण जोडली पण मीच हं. आत हात माझा होता."

"आत हात होता म्हणे!" आक्का कडाडली. "फळी धरली नुसती, आणि म्हणे जोडली! चढ होडीत. वजन कमी पडतंय."

दोघं गेली. वारा बरा होता. आक्काने फळीखालच्या झाकणातून हात आत घातला आणि पेटीचा तळ चाचपला. कोरडा. तिने हात बाहेर काढून बाळला दाखवला. बाळने नुसती मान हलवली.

घरी आल्यावर आक्का थेट आईच्या खाटेपाशी गेली आणि कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आई, होडी बाळने फोडली. त्याने स्वतः सांगितलं. चार लोकांत."

आईने डोळे उघडले. चेहरा मायेने भरून आला.

"तुला वाचवायला म्हणाला असेल," ती म्हणाली. "लहानपणापासून तसाच आहे तो."

आक्का सरळ उभी राहिली. दारात बाळ होता. त्याने हात जोडले, की बाई, आता माझा काय दोष. आक्का त्याला बाजूला सारून बाहेर गेली आणि जाताना दार असं आपटलं की वरच्या तावदानाची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"फोडलीस ना काच?" आई आतून म्हणाली.

"हो!" आक्का अंगणातून ओरडली. "मी फोडली!"

ती काच नंतर कोणी बदलली नाही.

बाळ त्यापुढच्या थंडीत वारला, जुळ्यांचा पहिला वाढदिवस व्हायच्या आधी, सकाळी बूट घालता घालता. आई त्यानंतरच्या उन्हाळ्यात वारली.